आधी वावर, मग वारा, सगळ्यात शेवटी वेग: ग्लायडरने लांब पल्ला गाठायला शिकताना

ग्लायडर शिकायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दमात किती किलोमीटर जातं?" दुसराही ठरलेला, "शर्यतीत भाग घ्यायला किती दिवस लागतात?" इंजिन नसलेलं विमान मध्येच खाली आलं तर उतरायचं कुठं, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुणीतरी विचारतं. कित्येक जण विचारतच नाहीत. सिम्युलेटरवर तीनशे किलोमीटरचा त्रिकोण पुरा केलेला एक जण खऱ्या विमानात विमानतळापासून आठ किलोमीटरवर गेला आणि मागच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरला म्हणाला, "सर, आता खाली कुठं बघू?"

चूक होते ती क्रमात. शर्यतीची पुस्तकी हुशारी आधी येते आणि उतरायची जागा ओळखणं राहून जातं. यवतमाळ, वाशिम, वर्धा, अमरावतीच्या खेड्यांत राहणाऱ्यांना तर उलट सोय आहे. शिकायला बाहेर जावं लागलं, तरी तयारीचा निम्मा भाग वावरातच होतो आणि त्याला पैसा लागत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

टप्पा १: वावर मोजायला शिका

लांब पल्ल्यावर गेलेला ग्लायडर कधी ना कधी शेतात उतरतोच. शिकाऊ वैमानिकाला त्यासाठी निदान ३०० मीटर लांब, मोकळी जागा धरायची. आता धुऱ्यावर उभे राहा आणि पावलं टाका. मध्यम उंचीच्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर, म्हणजे ३०० मीटरला ४०० पावलं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारच्या वावरातले काका हातातलं काम टाकून आले. "काय रे, मोजणी आणली काय?" मोजणी नाही, विमान उतरवायचंय, असं सांगितल्यावर त्यांना जास्तच संशय आला. तेव्हा मोजण्याआधी शेजाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर धुऱ्याचा जुना वाद उकरला जाईल.

या पावलांनी माझा मोठा गैरसमज मोडला. आपण जमीन एकरात मोजतो, त्यामुळे पाच एकर म्हणजे भरपूर वाटतं. पण चौकोनी पाच एकराची बाजू जेमतेम १४२ मीटर भरते. तिथे उतरता येणार नाही. उलट ३०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद पट्टा साडेचार एकरांतच बसतो, आणि तो चालतो. आकाशातून क्षेत्रफळ पाहू नका, लांबी पाहा.

त्यातून अडथळ्याची वजावट करायची. ज्या टोकावरून आत यायचं तिथे झाड असेल, तर त्याच्या उंचीच्या दहापट लांबी वाया गेली असं धरा. धुऱ्यावरची ८ मीटरची बाभूळ ८० मीटर खाते. तुमचे ३०० मीटर तिथेच २२० झाले.

पिकाचा हिशेब महिन्यानुसार बदलतो, आणि तो तुम्हाला शहरातल्या वैमानिकापेक्षा चांगला कळायला हवा:

- ऑक्टोबर: सोयाबीन निघालेलं वावर उत्तम, पण मधोमध ताडपत्री टाकलेली गंजी आहे का ते बघा.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: तूर कापलेल्या वावरात धसकटं राहतात. ती विमानाचं पोट फाडतात. उभी पऱ्हाटी त्याहून वाईट, पंख अडकला की विमान गरकन फिरतं.
- मार्च: हरभरा निघालेली जमीन सगळ्यात भरवशाची. गहू कापलेलंही चालतं, मात्र ओलिताचे वाफे आणि तुषारचे पाइप पाहून घ्या.
- एप्रिल-मे: वखरलेलं वावर चांगलं. नांगरून तसंच टाकलेलं टाळा, काळ्या मातीची ढेकळं उन्हात दगडासारखी होतात. न नांगरलेल्या काळ्या जमिनीत हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. चाकाला तेवढं पुरे.

उतरायचं ते तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या दिशेने, तासांना आडवं कधीच नाही. जमिनीला स्पष्ट उतार असेल तर चढाकडे तोंड करून, मग वारा थोडा पाठीमागून असला तरी.

सावध: हवेतून तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच. विहीर दिसली की तिच्या मोटारपंपापर्यंत कुठून तरी वीज आली असणार, हे धरून चाला. रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेली झटक्याची तार तर शंभर मीटरवरूनही दिसत नाही. असं कुंपण आपल्या भागात कुठल्या पिकांभोवती घालतात ते आत्ताच बघून ठेवा.

तपासा: एसटीच्या खिडकीतून जाताना दर पाच किलोमीटरला एक वावर निवडा आणि 'वारा, लांबी, उतार, पीक, तारा, गुरं' हे सहा शब्द मनात म्हणा. दहा सेकंदांत उत्तर आलं पाहिजे. महिनाभर हे केल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं नाव काढू नका.

टप्पा २: वारा आणि थर्मल ओळखा

ग्लायडर वर जातो तो तापलेल्या जमिनीवरून सुटणाऱ्या गरम हवेच्या झोतावर. तो झोत म्हणजे थर्मल. आपल्याकडे थर्मलची खाण आहे, पण ती महिनाभर बघितल्याशिवाय कळत नाही. मुरमाड टेकडी, खडीची खाण, जिनिंगचं पत्र्यांचं शेड, वखरलेलं काळं रान इथून ते सुटतात. नुकतंच ओलित केलेला गहू आणि धरणाचं पाणी थंड पडतं, तिथे काही मिळत नाही. पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार ही तयार खूण. उन्हाळ्यातली वावटळ म्हणजे थर्मलचं जमिनीवरचं टोक, पण तिच्यात कमी उंचीवर घुसायचं नाही.

ढगाचा तळ किती उंचावर असेल हे काढायला सोपं गणित आहे. दुपारच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा, उत्तर जमिनीपासून मीटरमध्ये येतं. एप्रिलमध्ये तापमान ४० आणि दवबिंदू १२ असेल तर २८ गुणिले १२५, म्हणजे ३५०० मीटर. ऑक्टोबरमध्ये ३३ आणि २१ असेल तर १५०० मीटर. म्हणजे एप्रिलमध्ये उंची भरपूर. पण हवा इतकी कोरडी असते की कित्येक दिवस ढगच बनत नाही आणि थर्मल आंधळेपणाने शोधावे लागतात. ऑक्टोबरमध्ये उंची कमी, पण प्रत्येक पांढरा ढग पत्ता सांगतो. नवशिक्याला ऑक्टोबर-नोव्हेंबर सोपा, असं माझं मत. मेच्या उन्हात पहिलं लांब उड्डाण करायला निघणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हवामान खात्याच्या नागपूर केंद्रातून पहाटे फुगा सोडतात. वर जाताना तापमान कसं घटत जातं हे त्यातून कळतं. कोरडी हवा वर चढताना दर हजार मीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. दुपारच्या कमाल तापमानापासून या उताराची रेघ आलेखावर वर काढा. ती फुग्याच्या रेघेला जिथे छेदते, तिथवर थर्मल जातील. रोज सकाळी काढा आणि संध्याकाळी घारी किती वर होत्या ते आठवा.

सावध: फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारपिटीचे दिवस असतात. ढगाचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा झाला की तो वीस-तीस किलोमीटर दूर असतानाच उतरून घ्या. त्याच्या पुढे धावणारा धुळीचा वारा ढगाच्या बराच आधी येतो.

टप्पा ३: क्लब, परवाना, सोलो

हा टप्पा इन्स्ट्रक्टरच्या हातात आहे, म्हणून थोडक्यात. विद्यार्थी परवान्यासाठी वय १६ पूर्ण लागतं, वैद्यकीय तपासणी लागते, आणि नियम डीजीसीएचे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे असतात. आपल्या राज्यात पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे. कुठेही जाण्याआधी उड्डाणं चालू आहेत का, विंच (केबलने ग्लायडर ओढून हवेत चढवणारं यंत्र) आहे का, आठवड्यात किती फेऱ्या मिळतील, हे फोनवर विचारून घ्या. महिनाभराची खोली घेऊन बसलेले आणि चार फेऱ्या मारून परतलेले लोक मी पाहिले आहेत.

विंचने उडताना केबल तुटण्याचा सराव कंटाळा येईपर्यंत करा. केबल तुटली की आधी नाक खाली, मग वेग भरलाय का ते बघा, त्यानंतरच कुठे वळायचं हा विचार. लोक आधी वळतात.

कॅनोपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो वळताना सरळ राहायला हवा. शेवटच्या वळणावर धावपट्टीशी रेघ जुळत नाही म्हणून पायाने रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) दाबून नाक ओढणं, ही जीवघेणी चूक. कमी वेग, तिरका धागा आणि कमी उंची एकत्र आली की विमान भोवऱ्यात जातं आणि सावरायला उंची नसते. रेघ चुकली तर चुकू द्या, थोडं तिरपं उतरा.

टप्पा ४: विमानतळाच्या आवाक्यात सहा महिने

सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उड्डाण, झालं की सगळ्यांना दूर जायची घाई होते. थांबा. विमानतळ दिसत राहील एवढ्याच टप्प्यात थर्मल पकडायला शिका.

वळण ४० ते ४५ अंश कललेलं, एक चक्कर पंधरा-वीस सेकंदांत. नवशिके २५ अंशांवर भीतभीत फिरतात आणि थर्मलच्या बाहेरून प्रदक्षिणा घालत बसतात. चढ वाढतोय असं वाटलं की वळण थोडं सैल करा, कमी होतोय तर आवळा. व्हेरिओमीटरचा, म्हणजे चढ-घसरणीचा वेग दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा नेहमी मागून बोलतो, त्याआधी पाठीला झटका कळतो. वेग मात्र हलू द्यायचा नाही. दर चकरेत वेग दहाने वर-खाली होणाऱ्याला थर्मलचा गाभा सापडणारच नाही.

तपासा: अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) झाकून, ओळीने दहा वेळा, धावपट्टीवर आखलेल्या १५० मीटरच्या पट्ट्यात टेकून थांबता येतं का? सात-आठ वेळा जमलं म्हणजे जमलं नाही. वावराला दुसरी धावपट्टी नसते.

टप्पा ५: पहिले ५० किलोमीटर

सिल्व्हर बॅज हा ग्लायडिंगमधला आंतरराष्ट्रीय बॅज. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: ५० किलोमीटरचं अंतर, १००० मीटरचा चढ आणि ५ तासांचं उड्डाण. अंतराच्या बाबतीत एक अट लोक विसरतात. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक अंतराच्या एक टक्क्याहून जास्त नको, म्हणजे ५० किलोमीटरला ५०० मीटर. दोन हजार मीटरवरून सुटून नुसतं घसरत गेलात तर बॅज नाही.

आता हिशेब. प्रशिक्षणाचा दोन सीटांचा ग्लायडर शांत हवेत एका मीटर उंचीवर साधारण ३४ मीटर पुढे जातो. तुम्ही निम्मे धरा, १७. जमिनीपासून १५०० मीटरवर आहात, त्यातले ३०० उतरण्यासाठी राखून ठेवले, उरले १२००. गुणिले १७, म्हणजे २० किलोमीटर. नकाशावर प्रत्येक उतरण्याजोग्या जागेभोवती अशी वर्तुळं काढा. एक वर्तुळ संपायच्या आत पुढचं लागलं पाहिजे. समोरून ताशी ३० किलोमीटर वारा असेल आणि तुम्ही ९० ने जात असाल, तर जमिनीवरचा वेग ६० उरतो आणि वर्तुळ त्या बाजूने त्याच प्रमाणात आखडतं.

वर्तुळं काढली की विदर्भाचा नकाशा वेगळाच दिसायला लागतो. मेळघाट, ताडोबा, टिपेश्वरचं जंगल रिकामं राहतं. वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा वरून सपाट दिसतो, पण तीन-चार मीटरच्या झाडांवर उतरणार कसं? समृद्धी महामार्गाची रेघ दिशा धरायला उत्तम, उतरायला नाही.

सावध: अल्टिमीटर ज्या जमिनीवर शून्य केला तिथलीच उंची सांगतो. वर्ध्याला शून्य केलात तर यवतमाळच्या जमिनीवर उभं असतानाही तो दोनशेच्या आसपास दाखवील. म्हणजे त्यावर ५०० दिसत असताना खरी उंची ३०० असेल.

सावध: हवाई हद्दीची परवानगी, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स क्लबमार्फत आदल्या दिवशीच पक्की करा. मी उत्साहात यवतमाळ-वर्धा-अमरावती असा त्रिकोण कागदावर काढला होता, साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा, बघायला फार देखणा. एक बाजू पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या उत्तरेला जेमतेम सात-आठ किलोमीटरवरून जात होती, आणि शेवटच्या टोकाला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर आता प्रवासी विमानं येतात. इन्स्ट्रक्टरने काही न बोलता खोडरबर पुढे केला.

निघताना पाणी निदान तीन लिटर, त्यात ओआरएस. कॅनोपीखाली जमिनीजवळ भट्टी असते, वर गेल्यावर तोच घाम गार पडतो. ३००० मीटरच्या वर ऑक्सिजन नसेल तर रेंगाळू नका.

टप्पा ६: वावरात उतरणं

तीन उंच्या पाठ करा, सगळ्या जमिनीपासूनच्या:

१. ६०० मीटर: उतरण्याजोगा भाग गाठा. जंगलावर असाल तर थर्मल शोधणं बंद, मोकळ्या रानाकडे चला.
२. ४५० मीटर: एक वावर पक्कं करा, एक राखीव ठेवा. धूर, धूळ, झाडांची पानं यांवरून वारा ठरवा.
३. ३०० मीटर: उतरण्याआधीची चौकोनी फेरी सुरू. यापुढे थर्मल मिळाला तरी घ्यायचा नाही.

तिसरी उंची सगळे मोडतात. मीही मोडली. २४० मीटरवर अर्ध्या मीटरचा चढ लागला आणि मी तिथे चार चकरा मारल्या. मिळाले वीस मीटर. तेवढ्यात वाऱ्याने मला निवडलेल्या वावरापासून लांब ढकललं. मग घाईत दुसरं धरलं. बेसवर, म्हणजे फेरीच्या शेवटच्या वळणाआधीच्या आडव्या बाजूवर, वळलो तेव्हा खांब दिसला, मग दुसरा, आणि तार माझ्या वाटेत आडवी. एअरब्रेक (उघडल्यावर विमान लवकर खाली आणणाऱ्या पंखावरच्या फळ्या) मिटून तिच्यावरून गेलो आणि पलीकडे वाटलं त्याच्या निम्मीच जमीन उरली. शेवटी मुद्दाम पंख टेकवून विमान फिरवलं. माणूस शाबूत, शेपटीला तडा. चार चकरांची किंमत दोन महिने.

फेरी विमानतळावर मारता तशीच मोठी मारा. लहान वावर पाहून लोक जवळून, घट्ट फेरी घेतात आणि उंच राहतात. तारांवरून जायचं झालं तर खांबाच्या माथ्यावरून जा, तारेचा अंदाज करू नका. टेकल्यावर ब्रेक, आणि विमान जिथे थांबेल तिथे थांबू द्या. धुऱ्याच्या कडेला नेऊन रस्त्याजवळ उभं करायचा मोह नको, तिथेच खड्डा असतो.

थांबल्यावर एअरब्रेक उघडे ठेवा, वाऱ्याकडचा पंख खाली टेकवा, सोबत्यांना ठिकाण पाठवा. मग दहा मिनिटांत गाव जमतं. पहिला प्रश्न, "का हो भाऊ, पडले का उतरले?" हसून उत्तर द्या, पण लगेच एखाद्या वडीलधाऱ्याला पोरांना पंखापासून लांब ठेवायची विनंती करा. ते काम त्यांच्याच शब्दाने होतं. वावराचा मालक कोण ते विचारा, पिकाचं नुकसान झालं असेल तर बघायला सोबत चला आणि भरपाईचं त्याच जागी बोला. ट्रेलर आणायला पांदण मोकळी आहे का, हेही त्यांनाच माहीत असतं. कुंपणाच्या कुठल्याही तारेला हात लावू नका.

टप्पा ७: शर्यत

इथे आल्यावर मगच वेगाचं बोलायचं. शर्यतीत सुरुवातीची रेघ, मधली वळणाची ठिकाणं आणि शेवट ठरलेला असतो, सगळं रेकॉर्डरमध्ये नोंदलं जातं. वळणाचं ठिकाण बहुधा ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ असतं. त्याला शिवलं की पुरे, मधोमध जाऊन वळणारा फुकट अंतर कापतो.

वेगाबद्दलचा गैरसमज आकड्यांनी मोडतो. समजा सेकंदाला सरासरी २ मीटर चढ मिळतोय. ताशी १२० ने उडालात तर सेकंदाला १.२ मीटर खाली येता. हजार मीटर चढायला ५०० सेकंद, ती उंची खर्च करायला ८३३ सेकंद, त्यात २७.८ किलोमीटर. सरासरी ताशी ७५. आता १५० ने उडा, घसरण २ मीटर. चढायला ५००, खर्चायला ५०० सेकंद, अंतर २०.८ किलोमीटर. सरासरी पुन्हा ७५! तीस किलोमीटरने जास्त पळून हाती काही आलं नाही, उलट पुढचा थर्मल शोधायला सात किलोमीटर कमी मिळाले. आता वेग १२० च ठेवून ३ मीटरचा थर्मल निवडला तर सरासरी जवळपास ८६. वेळ वाचतो तो चांगला थर्मल निवडण्यात आणि वाईट सोडून देण्यात.

सगळे इथे एक चूक करतात: काट्यावर क्षणभर ४ दिसले की थर्मल ४ चा समजतात. शोधण्यापासून सोडेपर्यंतची उंची भागिले वेळ करा, बहुतेकदा २ निघतो. मॅकक्रेडीचा आकडा, म्हणजे पुढच्या थर्मलमध्ये अपेक्षित चढ, ज्यावरून उडायचा वेग ठरतो, तो लावताना हाच धरायचा.

एका थर्मलमध्ये पाच-सहा विमानं असतील तर पहिला ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने सगळे. बाहेरून आत या. समोरचा दिसेनासा झाला तर बाहेर पडा, थर्मल किती का चांगला असेना.

शेवटचा टप्पा घसरत गाठताना अंतर २० किलोमीटर असेल तर एका मीटर उंचीला २५ मीटर पुढे या प्रमाणाने ८०० मीटर, वर २५० राखीव, म्हणजे शेवटच्या ठिकाणापासून १०५० मीटर उंची मिळाल्यावरच निघा. निम्म्या वाटेवर पुन्हा मोजा. दहा किलोमीटर उरले आणि ६५० ऐवजी ५०० असतील तर वाटेतलं वावर तिथूनच शोधायला लागा. सहा शब्द तेच: वारा, लांबी, उतार, पीक, तारा, गुरं.

उतरल्यावर रेकॉर्डरची नोंद उघडा आणि एकच गोष्ट मोजा: एक मीटरपेक्षा कमी चढ असलेल्या थर्मलमध्ये किती चकरा मारल्या. पहिल्या शर्यतीत माझ्या एकतीस भरल्या होत्या.